बोट पैठणला, संगणक संभाजीनगरला

समजा, सुटीत तुम्ही पैठणला मामाकडे गेला आहात आणि शाळेचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगरला, घरच्या संगणकातच राहिला आहे. अंतर सुमारे ५० किलोमीटर. घरचा संगणक चालू असेल आणि तशी सोय आधी करून ठेवली असेल, तर तुमच्या मोबाइलवर त्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा उमटतो. बोटाने फाइल उघडता येते, लिहिता येते. हे घडते कसे?

आधी एक साधे उदाहरण पाहू. शेतपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळे. मग शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याची भीती बाळगत विहिरीवर जावे लागे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी यासाठी 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केले. ते पंपाच्या स्टार्टरला जोडतात. शेतकरी घरूनच मोबाइलने ठरलेला संकेतांक पाठवतो आणि पंप सुरू होतो. विहिरीवर वीज आहे की नाही, हेही कळते. २००९ साली नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या उपकरणाला पारितोषिक मिळाले.

म्हणजे दूरनियंत्रणात दोनच गोष्टी असतात: इकडून आज्ञा जाते, तिकडून उत्तर येते. गणनयंत्राच्या बाबतीत हा प्रयोग फार जुना आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने हॅनोव्हर गावी जमलेल्या गणितज्ञांसमोर टेलिप्रिंटरवर उदाहरण टाइप केले. यंत्र होते दूर न्यूयॉर्कला. उत्तर तारेतून आले!

पंपाला 'चालू' आणि 'बंद' एवढेच सांगायचे असते. संगणकाचे काम अधिक गुंतागुंतीचे. तुम्ही बोट टेकवले, की मोबाइल फक्त काही आकडे पाठवतो: पडद्यावर डावीकडून किती, वरून किती, आणि 'दाबले'. घरचा संगणक समजतो, की आपलाच माउस हलला. ही आज्ञा अगदी लहान असते. उत्तर मात्र चित्राच्या रूपात येते, आणि ते मोठे असते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. अशी चित्रे सेकंदाला ३० वेळा पाठवणे अवघड. म्हणून जेवढा भाग बदलला, मुख्यतः तेवढाच, तोही संक्षिप्त करून पाठवतात.

हे वर्गात करून पाहा. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून चौकटीच्या वहीत १० × १० घरांचे सारखेच चित्र काढावे. मग एकाने तीन घरांचे रंग बदलावेत. शंभर घरे पुन्हा सांगायची, की फक्त तीन? वेळ मोजा.

आता निरोप घरापर्यंत पोहोचतो कसा? घरच्या इंटरनेट जोडणीत बाहेरच्याला सहसा थेट प्रवेश नसतो. म्हणून घरचा संगणक स्वतःच एका मध्यस्थ संगणकाशी संपर्क साधून वाट पाहतो. तुमचा मोबाइलही तेथेच जातो, आणि मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो. तुम्ही खरे मालक आहात, याची खूण म्हणजे संकेतांक किंवा परवलीचा शब्द.

येथेच सावध राहायला हवे. यंत्र माणूस ओळखत नाही, संकेतांक ओळखते. तो ज्याच्या हाती, तो जणू तुमच्या खुर्चीत बसला! संगणकाप्रमाणे मोबाइलही असा दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो. बँकेतून बोलतो असे सांगून भामटे असे ॲप घ्यायला लावतात, पडद्यावरचा संकेतांक विचारतात आणि खात्यातले पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याविषयी बँकांना सावध केले होते.

तेव्हा घरी आजीआजोबांना एवढे जरूर सांगा: घराची किल्ली जशी अनोळखी माणसाला देत नाही, तसा हा संकेतांकही फोनवर कोणाला सांगायचा नाही.