क्रियापदाचा जोडीदार

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी ‘डिस्कस अबाउट’ म्हणालो आणि समोरचे गृहस्थ हसले. ते हसू कैक वर्षं बोचत राहिलं. पुढे उमगलं, त्या चुकीमागे माझी मराठी होती. आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, कोणा‘शी’ लग्न करतो. म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरी विथ’ तोंडी येतं. इंग्रजीत ही दोन्ही क्रियापदं थेट कर्म घेतात. उलट ‘लिसन’ला ‘टू’ लागतं, ‘वेट’ला ‘फॉर’. ‘डिपेंड ऑन’ तेवढं ‘वर अवलंबून’शी जुळतं, आणि त्या मेळावर विसंबून आपण फसतो. मराठीत तरी काय? कुत्र्या‘ला’ घाबरायचं, शेजाऱ्या‘वर’ रागवायचं, हे आपण नियमाने शिकलो नाही, कानाने उचललं. म्हणून नातीला मी इंग्रजी क्रियापद एकटं देत नाही. अख्ख्या वाक्यात, जोडीदारासकट देतो.