थोरला दोन वर्षांचा, धाकटी बारा दिवसांची

पहाटे गांधी बाजारातून आणलेल्या शेवंतीच्या माळा पाळण्याला लावून झाल्या आहेत. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्यात ठेवायचा, एवढेच बाकी आहे. स्वयंपाकघरात घुगऱ्यांचा कुकर शिट्टीवर आला आहे. शेजारच्या कन्नड काकू साडी बदलून वेळेआधीच हजर आहेत. आणि एवढ्यात सगळ्यांच्या लक्षात येते, की पाळण्यात कुणीतरी आधीच झोपले आहे. वरवंटा नव्हे, बाळही नव्हे, तर दोन वर्षांचा दादा! नवा कुर्ता चुरगाळून, पाय पोटाशी घेऊन, ‘माझा पाळणा’ असे बजावत.

पाहुणे हसतात, कुणी फोटो काढतो. आजी मात्र घाईने म्हणते, “अरे ऊठ, दादा ना तू आता!” बंगळुरूत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांतून या ना त्या रूपात हा प्रसंग घडतच असतो. दोन मुलांमध्ये जेमतेम दोन वर्षांचे अंतर, नातेवाईक पुण्या-कोल्हापुरात, आणि पाचवीपासून पहिल्या वाढदिवसापर्यंत एकामागून एक येणारे सोहळे. त्यात सोहळा एकाचा असतो आणि घरात लहान मुले मात्र दोन असतात.

पाळण्यात चढलेला दादा हट्टी नसतो. बारा दिवसांत त्याची आई दवाखान्यात जाऊन आली, तिच्या कुशीतली त्याची जागा गेली, आणि आता जुना पाळणाही फुले लावून दुसऱ्याला दिला जात आहे! त्या वयाच्या मुलाला ‘वाटून घेणे’ ही कल्पनाच पुरती उमजलेली नसते. म्हणून काही मुले पुन्हा दुधाची बाटली मागतात, काही सुटलेली सवय विसरून चड्डी ओली करतात. ही तक्रार सांगण्याची त्यांची भाषा असते, आणि तिच्यावर ओरडण्याने ती आणखी वाढते. त्यापेक्षा पाहुणे येण्याआधी दोन मिनिटे त्यालाच पाळण्यात बसवून एक झोका द्यावा, घुगऱ्यांची पहिली वाटी त्याच्या हातात द्यावी. बाळाला ओवाळताना त्याच निरांजनाने त्यालाही ओवाळले, तर शास्त्राला काही बाध येत नाही.

नाव दोन ठिकाणी

बारशाला आत्या कानात नाव सांगते. पण बंगळुरूत ते नाव कागदावरही नीट उतरवून घ्यावे लागते, आणि येथे मराठी आईबापांची खरी परीक्षा असते. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. प्रसूती रुग्णालयात झाली असेल, तर ती माहिती रुग्णालयाकडूनच जाते. नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. नाव नंतर वर्षभरात विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे आजी-आजोबांना यायला उशीर झाला म्हणून बारसे सव्वा महिन्याने केले, तरी बिघडत नाही.

अडचण असते ती नावाच्या ठेवणीची. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मराठी त्रिपदी कर्नाटकात सर्रास चालत नाही. तिकडे पुष्कळ घरांत आडनाव नसतेच. गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुरते. त्यामुळे फॉर्म भरणाऱ्याच्या हातून वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊ शकते. थोरल्याच्या दाखल्यावर एक आडनाव आणि धाकटीच्या दाखल्यावर दुसरेच, असे झाले तर शाळेच्या आणि पासपोर्टच्या वेळी धावपळ ठरलेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तेव्हा बारशाच्या आदल्या दिवशी पेढ्यांच्या यादीबरोबर थोरल्याचा दाखलाही काढून समोर ठेवावा, आणि अक्षर न् अक्षर तसेच लिहून द्यावे.

शेपूला म्हणायचे सब्बसिगे

परमुलखात बाळंतपण, ही कल्पनाच आपल्या आज्यांना धडकी भरवणारी. पण बंगळुरू तितका परका नाही. १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मल्लेश्वरमला ज्या काडु मल्लेश्वर मंदिरामुळे नाव मिळाले, त्याला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. आणि भाषेचे म्हणाल, तर बाळंतिणीला कन्नडमध्ये ‘बाणंती’ म्हणतात आणि बाळंतपणाला ‘बाणंतन’! भाजीवालीकडे ‘सब्बसिगे सोप्पु’ मागितले की शेपूची जुडी हातात पडते. डिंक, अळीव आणि बाळंतशोपा मात्र मुंबईहून येणाऱ्या आजीच्या पिशवीतूनच येतात. उद्यान एक्सप्रेसचा प्रवास जवळजवळ एका दिवसाचा, त्यामुळे लाडू वाटेत टिकतात.

आजीच्या पिशवीतून कधी मधाची बाटलीही निघते. बाळाच्या जिभेवर मधाचे बोट ही आपल्याकडची जुनी हौस. पण एक वर्षाच्या आत मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ निक्षून सांगतात. मधातल्या काही जंतूंमुळे तान्ह्या आतड्यात विष तयार होऊ शकते. आजीला हे सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगितलेले बरे, किंवा डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवावे! उष्टावणाचेही तसेच. मुलीचे पाचव्या महिन्यात आणि मुलाचे सहाव्यात, असा काही घरांचा रिवाज असतो. वैद्यकीय सल्ला मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध, मग मऊ भात-वरण. चांदीच्या वाटीतली खीर फोटोपुरती ओठाला लावली तर चालेल. साखर आणि मीठ वर्षभर लांबच बरे.

लसींच्या तारखा पंचांगाशेजारी लिहून ठेवाव्यात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर बाळाला एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. त्या दिवसांत समारंभ ठेवला, तर रडणाऱ्या बाळाला पन्नास हातांतून फिरावे लागते. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला दारातूनच हसून आशीर्वाद मागण्यात उद्धटपणा नाही. पन्नासांऐवजी पंधराच माणसे बोलावली, तर त्याहून उत्तम.

एक माणूस सगळ्यांच्या मागे उभे असते

फोटोत बाळ असते, दादा असतो, आत्या असते. दर दोन तासांनी दूध पाजणारी, टाक्यांच्या वेदना लपवून जरीची साडी नेसलेली बाई कोपऱ्यात उभी असते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे झाली, हा मोठा आधार. पण खासगी नोकरीतल्या वडिलांसाठी कायद्याची अशी सक्तीची रजा नाही. बारशाच्या दुसऱ्या दिवशी नवरा कचेरीत, पंधरवड्याने सासू गावी, आणि दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती, तान्हे आणि दादा.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर त्याला ‘नखरे’ म्हणू नये. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. याच शहरातल्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २००९ मध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग सुरू झाला. बाळापासून न तोडता आईवर उपचार, ही त्यामागची कल्पना. देशभरातून विनामूल्य बोलता येणारी ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. आईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तिला एकटे न ठेवता लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

सोहळ्याच्या दिवशी मात्र साधी गोष्ट पुरते. कुणीतरी तिला आधी जेवायला वाढावे. बाहेरून जेवण मागवले म्हणून कोणाचे पुण्य कमी होत नाही.

दोघांचे मिळून

सगळ्यांत गंमत संक्रांतीची. रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करता येते, आणि पाच वर्षांच्या आतली दोन्ही मुले एकाच पाटाच्या अल्याड-पल्याड बसवता येतात. निराळा खर्च नाही, निराळे पाहुणे नाहीत, आणि ‘त्याचे झाले, माझे नाही’ हा वादही नाही. हलव्याचे दागिने पुण्याहून पार्सलने मागवावे लागतात, पण बाकी सगळे इथेच मिळते. बोराला येथे ‘यलची हण्णु’ म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला बाजारात ऊस, अवरेकाळूच्या शेंगा आणि साखरेच्या साच्यातल्या पांढऱ्याशुभ्र ‘सक्करे अच्चु’ यांची रेलचेल असते. कन्नड घरांतही लहानग्यांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे तुकडे आणि नाणी ओततात. त्यामुळे शेजारच्या काकूंना काही समजावून सांगावे लागत नाही. त्या एळ्ळु-बेल्लाची पुडी घेऊन येतात, या तिळगूळ देतात, आणि गोड बोलण्याची विनंती दोन्ही भाषांत होते.

काळजी एवढीच, की शेंगदाणे, हरभरे, रेवड्या आणि नाणी ही लहान मुलांच्या घशात अडकणारी चीज. ओतायच्या वाटीत चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या जास्त घ्याव्यात, बोरे मोठी घ्यावीत, आणि पाटावरून उचलून नेण्याआधी तान्हीची मूठ उघडून पाहावी. दादाकडे दोन डोळे लागतातच. तो वेचायला बसला, की पहिला बत्तासा आपल्या तोंडात आणि दुसरा बहिणीच्या.