लॅबमध्ये जुनी यादी, मोबाइलवर नवी: प्रॉक्सीची कॅश अशी तपासा

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस मशीन आणि इंटरनेटची लाइन एकच. शिष्यवृत्तीची यादी लागली की मुलं आणि पालक लॅबमध्येच येतात. असाच एका सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास दहावीतल्या एका मुलीचा अर्ज मी तपासला. संबंधित कार्यालयाच्या साइटवर यादी उघडली, दोनदा वरून खाली पाहिली, नाव नव्हतं. "बेटा, या वेळी नाही आलं," असं सांगून मी तिला घरी पाठवलं.

रात्री तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, तुम्ही तर म्हणालात नाव नाही. तिच्या खालाच्या मुलाने मोबाइलवर बघितलं, नाव आहे." कागदपत्रं जमा करायची मुदत होती बुधवार संध्याकाळी पाचपर्यंत. बोनाफाइड माझ्याच शाळेतून द्यायचं होतं. मी खोटं बोललो नव्हतो, पण त्या मुलीच्या घरी त्या संध्याकाळी काय वातावरण असेल, याची कल्पना करवत नव्हती.

यादी दुपारी एक वाजताच बदलली होती. मग तीन वाजता मला जुनी कशी दिसली? लॅब आणि इंटरनेट यांच्या मध्ये आमचा प्रॉक्सी सर्व्हर बसलेला आहे, आणि त्याने सकाळची यादी जपून ठेवली होती.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. मशीन त्याच्याकडे पान मागते, तो साइटकडून आणून देतो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या मुलाने तेच पान मागितलं की ठेवलेली प्रत देतो. या साठ्याला कॅश म्हणतात. कमी वेगाच्या लाइनवर वीस मुलं एकच पान उघडतात तेव्हा याचा फार उपयोग होतो. बऱ्याच शाळांत, ऑफिसांत यासाठी स्क्विड नावाचं सॉफ्टवेअर असतं. 1996 पासूनचं आहे आणि फुकट मिळतं. आमच्याकडेही तेच आहे. एका माजी विद्यार्थ्याने बसवून दिलं आणि तो पुढे नोकरीला निघून गेला. (अशी व्यवस्था किती शाळांत आहे, हे वाचकांना सांगायला नको.)

आता प्रश्न असा, की प्रत ताजी आहे की शिळी, हे प्रॉक्सी कसं ठरवतो? साइटने पानासोबत 'हे इतके सेकंद चालेल' किंवा 'अमुक तारखेपर्यंत चालेल' असं सांगितलं, तर सोपं आहे. पण जुन्या साइटी असं काही सांगतच नाहीत. त्या फक्त पान शेवटचं कधी बदललं ते सांगतात. मग स्क्विड अंदाज बांधतो: आणलं तेव्हा पान जितकं जुनं होतं, त्याच्या 20 टक्के वेळ ते ताजं समजायचं, पण 4320 मिनिटांच्या, म्हणजे 3 दिवसांच्या वर नाही. हे त्याच्या नेहमीच्या सेटिंगमधले आकडे आहेत.

आमच्या यादीला हे लावून बघा. जुनी यादी 10 दिवसांपूर्वी चढवलेली. सोमवारी सकाळी 10 वाजता एका मुलाने ती उघडली. 10 दिवसांचे 20 टक्के म्हणजे 2 दिवस. म्हणजे बुधवारी सकाळी 10 पर्यंत प्रॉक्सीच्या हिशेबाने ती यादी ताजीच! मधल्या काळात साइटवर काय बदललं, हे त्याने विचारलंच नाही.

असं दिसलं की आपण काय करतो? रिफ्रेश दाबतो, मग मशीन बंद-चालू करतो, मग 'नेट खराब आहे' म्हणतो, आणि शेवटी कोणीतरी प्रॉक्सीची सगळी कॅश उडवून टाकतो. उडवल्याने पान ताजं येतं खरं, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही आणि पुढच्या यादीला तोच मसला पुन्हा उभा राहतो. आधी शिळी प्रत कोणाकडे आहे ते शोधायचं. ती तीन ठिकाणी असू शकते: ब्राउझरमध्ये, प्रॉक्सीमध्ये किंवा खुद्द साइटकडे.

मोबाइलचं वायफाय बंद करा आणि डेटावर तेच पान उघडा. तिथेही जुनंच दिसलं तर दोष तुमच्या लॅबचा नाही. मोबाइलवर नवं आणि लॅबमध्ये जुनं असेल, तर लॅबच्या मशीनवर प्रायव्हेट विंडो उघडा. तिच्यात नवं पान आलं तर शिळी प्रत ब्राउझरने ठेवलेली होती. तिच्यातही जुनंच आलं आणि दुसऱ्या मशीनवरही तेच, तर संशय प्रॉक्सीवर.

एक गोष्ट मात्र आधी बघा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो की नुसत्या एचटीटीपीने? एचटीटीपीएसचं पान बंद लिफाफ्यात येतं. साधा प्रॉक्सी तो लिफाफा पुढे देतो, उघडत नाही, त्यामुळे आतल्या पानाची प्रतही ठेवू शकत नाही. आज बहुतेक साइटी एचटीटीपीएसवर आहेत, म्हणून प्रॉक्सीला उगाच दोष देऊ नका. आमच्या प्रकरणातली साइट जुन्या एचटीटीपीवरच होती.

मंगळवारी दुपारी 12 वाजता मी त्या पानावर एफ12 दाबलं आणि नेटवर्कच्या भागात पानासोबत आलेल्या नोंदी उघडल्या. 'एज' पुढे आकडा होता 93600. हे सेकंद असतात. 3600 ने भागा: 26 तास. म्हणजे सोमवारी सकाळचे 10. शेजारी 'एक्स-कॅश' पुढे 'हिट' आणि आमच्याच सर्व्हरचं नाव. चोर घरातलाच निघाला.

मग स्क्विडचा ॲक्सेस लॉग उघडला. प्रत्येक मागणीची एक ओळ असते. सुरुवातीचा दहा आकडी नंबर पाहून घाबरू नका, ती 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांतली वेळ आहे. आपल्याला हवा तो शब्द पुढे असतो. 'मिस' म्हणजे साइटवरून नवीन आणलं. 'हिट' म्हणजे साठ्यातलं दिलं, साइटला विचारलं नाही. 'रिफ्रेश अनमॉडिफाइड' म्हणजे साइटला विचारलं, ती म्हणाली बदल नाही, म्हणून साठ्यातलं दिलं. 'टनेल' म्हणजे तो बंद लिफाफा. त्या यादीपुढे सोमवारपासून ओळीने हिट, हिट, हिट.

पण मी कंट्रोल-एफ5 दाबलं होतं! त्यात ब्राउझर साफ सांगतो की साठ्यातलं नको, आणि स्क्विड सहसा ते ऐकतो. आमचा ऐकत नव्हता, कारण सेटिंगच्या फाइलमध्ये 'रिफ्रेश पॅटर्न'च्या ओळीच्या शेवटी कोणीतरी 'इग्नोर-रीलोड' जोडून ठेवलं होतं. वेग वाढावा म्हणून कुठून तरी उतरवलेली ओळ असणार. हेतू वाईट नव्हता.

तो शब्द काढला. त्या साइटसाठी 'कॅश डिनाय'चा नियम घातला, म्हणजे तिचं काहीच साठवायचं नाही आणि साठ्यातलं द्यायचंही नाही. बाकी कॅशला हात लावला नाही. फाइल बदलल्यावर आधी 'पार्स'ने चूक तपासून घ्या, मगच 'रीकॉन्फिगर' करा. एक चुकीची ओळ पूर्ण लॅबचं नेट बंद पाडते. पुढच्या मिनिटाला लॉगमध्ये 'मिस' आलं आणि यादीत त्या मुलीचं नाव दिसलं. बोनाफाइड मी स्वतः टाइप केलं. कागदपत्रं बुधवारी दुपारी जमा झाली.

नियम तपासताना त्यांचा क्रमही पाहा. पत्त्याला लागू होणारा पहिला नियम चालतो, खालचे वाचलेच जात नाहीत. सर्व्हरचं घड्याळसुद्धा पाहा. बॅटरी संपलेलं मशीन लाइट गेल्यावर मागची तारीख धरून बसतं आणि मुदत संपलेली पानंही त्याला ताजी वाटतात. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करून ठेवा.

आणि फाइलमध्ये 'इग्नोर-प्रायव्हेट' किंवा 'इग्नोर-नो-स्टोअर' हे शब्द दिसले, तर त्याच दिवशी काढा. साइट सांगते की हे पान एकाच माणसाचं आहे, साठवू नका, आणि हे शब्द प्रॉक्सीला ते दुर्लक्षित करायला लावतात. एचटीटीपीवरच्या साइटवर एका मुलाने लॉगिन करून उघडलेलं पान, त्याच्या बँक खात्याच्या नंबरासकट, शेजारच्या मशीनवर बसलेल्याला दिसू शकतं.