जुना खेळ, नवं यंत्र

माझ्या धाकट्या भावानं १९९६ साली कळमनुरीत संगणकाचा क्लास काढला. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. क्लासमध्ये संगणक दोनच. पोरं डॉस शिकायला यायची आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळून जायची. रात्री शटर ओढून भाऊही तेच करायचा. २०२१ मध्ये तो गेला. कपाटात एक सीडी सापडली, वर त्याच्या अक्षरात लिहिलेलं : प्रिन्स. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, म्हणून पुतण्यानं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. मग तो तोंड पाडून माझ्याकडे आला, “बडे अब्बा, अब्बू का गेम चलताच नै.”

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं हा खेळ १९८९ साली बाजारात आणला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धडपडतो. तळघरातून निघून तासाभरात राजकन्येला सोडवायचं, असा डाव. खलनायक कोण, तर वजीर जाफर! अलिफ लैलातला जाफर हा हारून अल रशीदचा विश्वासू माणूस. त्याच्यावरचा हा अन्याय मला अजून खटकतो. असो.

खेळ बिघडलेला नव्हता. डॉसवरचे हे जुने खेळ १६ बिटच्या यंत्रासाठी लिहिलेले. ते पडद्याशी, कळफलकाशी, आवाजाशी थेट बोलत. पुढे विंडोजनं मध्ये दरबान बसवला. ६४ बिटच्या विंडोजनं तर १६ बिटचे प्रोग्राम चालवणंच सोडून दिलं, आणि २०२१ साली आलेलं विंडोज ११ हे फक्त ६४ बिटचंच आहे.

आपल्या मराठवाड्यात हे कळायला अवघड नाही. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद घरोघरी ट्रंकेत असतात. कागद शाबूत, शिक्का शाबूत, पण मजकूर उर्दूत. लोक ते माझ्याकडे घेऊन येतात. मी एकेक ओळ वाचतो आणि मराठीत सांगतो. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम हेच काम करतो. तो २००२ पासून फुकट मिळतो. नव्या संगणकाच्या पोटात तो जुन्या संगणकाचं सोंग उभं करतो आणि खेळाची एकेक आज्ञा नव्या यंत्राला समजावून सांगतो.

रीत सोपी आहे. सीडीवरचं अख्खं फोल्डर संगणकात उतरवून घ्यायचं. त्याचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवायचं, डॉसला त्याहून लांब नावं झेपत नाहीत. डॉसबॉक्सच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत ‘माउंट सी’ लिहून पुढे फोल्डरचा पत्ता द्यायचा. मग सी आणि दोन टिंबं, आणि शेवटी खेळाचं नाव. काही जुने खेळ प्रोसेसरच्या वेगावरच पळतात. ते भरधाव सुटले तर कंट्रोल आणि एफ ११ दाबून आवरायचे, रेंगाळले तर एफ १२.

पुतण्या घाईत होता. नुसता मुख्य प्रोग्राम नेटवरून उतरवून घेऊ म्हणाला. मी त्याला थांबवलं. खेळ कुठेही मिळेल, पण या फोल्डरात आणखी एक लहानशी फाईल होती. तिसऱ्या टप्प्यापासून पुढे कंट्रोल आणि जी दाबलं की हा खेळ आपली जागा लिहून ठेवतो. जागा एकच. नवी लिहिली की जुनी पुसली जाते. म्हणून आधी सगळ्या फोल्डरची एक प्रत वेगळी काढून ठेवली, मगच डॉसबॉक्स उघडला.

सुरुवातीच्या पडद्यावर त्यानं कंट्रोल आणि एल दाबलं. राजपुत्र सातव्या टप्प्यावर उभा होता. स्पेसची कळ दाबल्यावर उरलेली मिनिटं दिसली : चोवीस. पोरगा कितीतरी वेळ कळफलकाला हातच लावेना. मग खेळला, आणि दुसऱ्याच उडीत खाली पडला.

“अब्बू यहाँ तक आये कैसे?” त्यानं विचारलं.

मी काय सांगणार? मला तर पहिल्या टप्प्यातली तलवारही कधी सापडली नव्हती.