दुसरी चाचणी मागायची कुणाकडे?

समजा, वारणानगरमधल्या एका आईला मुलाच्या वाचन-लेखन चाचणीचा अहवाल पटला नाही. तुम्ही परदेशी पेपर वाचून लगेच लिहाल, 'पालकांनी स्वतंत्र मूल्यमापन मागावं.' थांबा जरा! अमेरिकेत शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर पालक बाहेरच्या तज्ज्ञाकडून ते सरकारी खर्चानं मागू शकतात. शाळेनं एकतर खर्च द्यायचा, नाहीतर आपलं मूल्यमापन योग्य आहे हे सुनावणीत दाखवायचं.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली. कलम ५९ नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपीलही करता येतं. पण अपील वेगळं आणि नवी चाचणी वेगळी. खासगीत चाचणी करून घेता येते, पैसे मात्र घरचे. म्हणून प्रश्नावलीत 'दुसरी चाचणी केली का?' एवढंच विचारलंत, तर 'नाही' म्हणजे समाधान की रिकामा खिसा, कसं कळणार?

चाचणी कोणत्या भाषेत झाली, हेही विचाराच. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी उतारा दिला, तर ते अडखळणं अक्षमतेचं की सवय नसल्याचं? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' चाचणी मराठीतही आहे. साधन निवडताना आधी ती बघा.