विद्युतप्रवाह आणि चुंबकत्व

विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्र नेले असता त्याची सुई उत्तर-दक्षिण दिशा सोडून वळते, हे डेन्मार्कमधील भौतिकशास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवून दिले आणि तोवर बहुतांशी वेगळ्या मानल्या गेलेल्या वीज व चुंबकत्व या विषयांची सांगड घातली गेली. तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र, म्हणजे ज्या भागात चुंबकीय बल जाणवते तो प्रदेश, एकेरी तारेच्या बाबतीत क्षीण असते. परंतु तीच तार वेटोळ्याच्या रूपात गुंडाळून आत लोखंडाचा गाभा बसवल्यास ते कित्येक पटींनी वाढते. या रचनेला विद्युतचुंबक म्हणतात. गाभ्यासाठी पोलाद न घेता मृदू लोखंड घेतात, कारण प्रवाह थांबताच त्याचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते.

हा गुण किती मोलाचा आहे, ते जुन्या धाटणीच्या विद्युतघंटेत उत्तम दिसते. बटण दाबताच विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो व तिला जोडलेला टोल घंटेच्या वाटीवर आपटतो. पण ओढली जाताना पट्टी संपर्काच्या स्क्रूपासून सुटते, त्यामुळे परिपथ, म्हणजे प्रवाहाचा अखंड मार्ग, तुटतो, चुंबकत्व जाते आणि स्प्रिंगच्या जोराने मागे आलेली पट्टी परिपथ पुन्हा जोडते. बटणावर बोट असेपर्यंत ही ओढाताण चालू राहते. गाभा पोलादाचा असता, तर पट्टी चिकटूनच बसण्याचा संभव होता.

याउलट, चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर हलवल्यास तारेत प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केले. चुंबक नुसता स्थिर ठेवल्यास मात्र काहीच घडत नाही.