मोटारीतल्या तारांची वाट

खोपोलीच्या टाटा वीजगृहात 1915 साली वीजनिर्मिती सुरू झाली. घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली आणायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईला पाठवायची, अशी ती योजना होती. एवढा दाब कशासाठी, हा प्रश्न दहावीच्या वर्गात हमखास निघतो. उत्तर ठरलेले आहे. शक्ती तेवढीच ठेवून दाब वाढवला की प्रवाह कमी होतो, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती पुष्कळच घटते.

या उत्तराची दुसरी बाजू पाहण्यासाठी वीजगृहापासून फार दूर जावे लागत नाही. शिळफाट्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीचे बॉनेट उघडावे. बॅटरी अवघी 12 व्होल्टची, पण तिच्यापासून सेल्फकडे जाणारी केबल करंगळीएवढी जाड! इंजीन सुरू करताना सेल्फ काही क्षण 150 ते 200 अँपिअर प्रवाह ओढतो. दाब कमी, म्हणून प्रवाह प्रचंड.

मुंबई-पुण्याकडे जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी पुन्हा उभ्या करण्याचा छंद असलेली मंडळी आहेत. एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार या ब्रिटिश मोटारी त्यांच्या विशेष आवडीच्या. रंग कोणता, चामडे कोणते, क्रोमचा मुलामा कसा, यांवर तासन्‌तास चर्चा होते. तारा मात्र बहुधा शेवटी, जागा मिळेल तिथून ओढल्या जातात. आमच्या मते सर्वांत जास्त पदार्थविज्ञान तिथेच आहे, आणि सर्वांत जास्त धोकाही.

एमजीबी ही मोटार घेऊ. ती 1962 ते 1980 या काळात तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असत. म्हणजे जाड केबल मागून पुढे इंजिनापर्यंत येणार. तिची लांबी सुमारे 3 मीटर धरू. तांब्याची केबल 25 चौरस मिलिमीटर छेदाची असेल तर तिचा रोध साधारण 0.002 ओहम येतो. 200 अँपिअरला 0.4 व्होल्ट दाब केबलमध्येच खर्च होतो, आणि ते चालण्यासारखे आहे. कोणी 6 चौरस मिलिमीटरची तार घातली तर 1.7 व्होल्ट खर्च होतील, आणि सेल्फ कण्हत फिरेल. हे गणित विद्यार्थ्यांना सहज करता येते. पण केबलच्या वाटेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. या केबलवर फ्यूज नसतो. तळाच्या पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले, तर बॅटरी थेट बॉडीशी जोडली जाते आणि हजारभर अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तेव्हा त्याच 0.002 ओहममध्ये 2000 वॉट उष्णता निर्माण होते, तीही पेट्रोलच्या नळीशेजारी. म्हणून पत्र्यातल्या प्रत्येक भोकात रबरी कडे हवे, केबल ठरावीक अंतरावर पट्टीने बांधलेली हवी, आणि ती पेट्रोलच्या नळीला कुठेही टेकता कामा नये.

आता परतीचा मार्ग. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नसतात. परतीची तार म्हणजे बॉडीचा पत्राच. (जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे; एमजीबीत 1967 पर्यंत तसेच होते. बॅटरी लावण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.) इंजीन मात्र रबरी गाद्यांवर बसवलेले असते, आणि रबर वीजवाहक नाही. त्यामुळे इंजीन व बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. नव्याने उभ्या केलेल्या मोटारीत नेमकी इथे गफलत होते, कारण पट्टीच्या बोल्टाखाली सुंदर, जाड, ताजा रंग असतो. रंग म्हणजे विद्युतरोधक!

मग प्रवाह काय करतो? त्याला बॉडीकडे जायचेच असते, आणि इंजिनापासून डॅशबोर्डाकडे जाणारी आणखी धातूची वाट असते: चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची तार, स्पीडोमीटरची केबल. खोपोलीतल्या एका गॅरेजात आम्ही अशी चोकची तार पाहिली. आवरण काळे पडलेले, आतली तार आवरणाला चिकटून बसलेली. मेकॅनिकने दोनदा नवी तार घातली होती. दोष तारेचा नव्हताच. दीड मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पोलादी तारेचा रोध सुमारे 0.08 ओहम असतो. तिच्यातून 50 अँपिअर गेले तरी 200 वॉट उष्णता होते, म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या 25 वॉटच्या आठ इस्त्र्या एका तारेत. हीच तार अ‍ॅक्सिलरेटरची असती तर? इंजिनाची झडप उघडी राहून अडकली असती.

सेल्फ मारताना व्होल्टमीटरची एक तार इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकाला लावावी. काटा अर्ध्या व्होल्टापलीकडे गेला तर बोल्ट काढून रंग खरवडावा.

आवरणातून सरकणाऱ्या या ताराही स्वतंत्रपणे समजून घेण्यासारख्या आहेत. बाउडन याने 1896 साली त्यांचे पेटंट घेतले. सायकलच्या ब्रेकमध्ये त्या सर्वांनी पाहिलेल्या आहेत. तार वळणावरून जाते तेव्हा ती आवरणाच्या आतल्या बाजूवर दाबली जाते आणि घर्षण होते. गंमत अशी की घर्षणाचा परिणाम वळणाच्या एकूण कोनावर अवलंबून असतो आणि तो बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. घर्षण गुणांक 0.15 धरला तर 90 अंशांच्या वळणाला ओढ 1.27 पट लागते, 180 अंशांना 1.6 पट आणि पूर्ण वेटोळ्याला 2.57 पट. तार गंजून गुणांक 0.3 झाला की अर्ध्या वळणालाच 2.57 पट!

हे वर्गात दाखवता येते. सायकलच्या ब्रेकची आवरणासह तार घ्यावी, आवरण खुंटीला पक्के बांधावे, एका टोकाला एक किलोचे वजन टांगावे आणि दुसरे टोक ताणकाट्याने सावकाश ओढावे. आवरण सरळ, मग अर्धवर्तुळात, मग पूर्ण वर्तुळात ठेवून वाचने घ्यावीत. त्यानंतर वजन सावकाश खाली सोडतानाही वाचन घ्यावे; ते एका किलोपेक्षा कमी येईल. हे दुसरे वाचनच महत्त्वाचे आहे. पाय उचलल्यावर झडप बंद करणारी स्प्रिंग तार उलट ओढत असते, आणि घर्षण आता तिच्या विरुद्ध असते. चालकाच्या पायात जोर भरपूर असतो, बिचाऱ्या स्प्रिंगमध्ये नसतो. म्हणून या तारेला कमीत कमी वळणे हवीत, आणि तीही मोठ्या त्रिज्येची; आखूड त्रिज्येच्या वळणात तार घडी पडून तुटते. रबरी गाद्यांवर इंजीन हलते, तेवढी ढीलही ठेवावी लागते.

स्पीडोमीटरच्या केबलमधली तार सरकत नाही, फिरते. वळण आखूड असेल तर ती पिळली जाते आणि झटक्याने सुटते, म्हणून काटा नाचतो. जुन्या टॅक्सीतला नाचरा काटा वाचकांना आठवत असेल. वळणाची त्रिज्या 15 सेंटीमीटरहून कमी नसावी.

हेडलाइटचे गणित वेगळेच आहे. जुन्या मोटारीत त्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डावरच्या खटक्यातून फिरून पुढे येतो. वाटेत दाब 10 टक्के घटला तर प्रकाश 10 नव्हे, जवळजवळ 30 टक्के घटतो, कारण तापलेल्या तंतूचा प्रकाश दाबाच्या साधारण साडेतिसऱ्या घाताने बदलतो. पावसाळी रात्री बोरघाटात हा फरक चांगलाच जाणवतो. खटक्याने रिले चालवावा आणि रिलेने दिवे, असे आम्ही सुचवू. मूळपणाचे आग्रही लोक नाराज होतील. पण एमजीबीत मुळात फ्यूजच दोन, आणि हेडलाइटना एकही नव्हता. तो मूळपणा जपण्यासारखा नाही.

वाट मात्र मुळाची असलेली बरी. जुना तारांचा जुडगा काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि जुडगा फळीवर खिळ्यांच्या आधाराने तसाच मांडावा. रंगांनाही अर्थ असतो: या ब्रिटिश मोटारींत तपकिरी तार बॅटरीशी कायम जोडलेली, पांढरी किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, हिरवी तिच्यापुढे फ्यूजमधून आलेली आणि काळी बॉडीला जाणारी. चॅसिसवरची पट्ट्यांची रिकामी भोके तर जुन्या वाटेचा नकाशाच असतात. ती वाट धुराड्याच्या नळीपासून दूर जाते, कारण ती नळी काहीशे अंश तापते आणि प्लॅस्टिकचे आवरण शंभराच्या आसपासच मऊ पडते. पत्र्यातून आत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल द्यावा. घरात येणाऱ्या विजेच्या तारेला देतात तसाच. पाणी झोलाच्या तळाशी गळून जाते. खोपोलीच्या पावसात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शेवटची तपासणी इंजीन बंद ठेवून करावी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदम सोडावा. झडप आवाज करून बंद झाली पाहिजे. मग स्टिअरिंग एका टोकाला, नंतर दुसऱ्या टोकाला वळवून तेच करावे, आणि प्रत्येक वेळी बॉनेटखाली कोणती तार ताणली जाते ते दुसऱ्याने बघावे.